वेळेवर येणारा माणूस

आमच्या वॉर्डात कोणाच्या मुलीचं लग्न जमवायचं असलं की एकदा तरी माझ्या नवऱ्याचा विषय निघतो. "पोरगा पाहाचा तं तुमच्या घरच्या भाऊसारखा पाहाचा," असं बायका मला तोंडावर सांगतात. कापडाच्या दुकानात लोखंडी मीटर असतो, तसा हा माणूस या वॉर्डाने पोरं मोजायला ठेवलेला आहे. बावीस वर्षं झाली, मी त्या मीटरसोबत संसार करते. मोजमाप घ्यायला आलेल्या बायकांना पाट देते, पाणी देते आणि गप्प बसते.

गेल्या धानकापणीच्या दिवसांत एका रविवारी सकाळी समोरच्या घरची बाई आली. तिची मुलगी तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, सरकारी नोकरीच्या परीक्षा देणारी. तिच्यासमोर दोन मुलगे होते. एक कान्हाच्या जंगलात पर्यटकांना जिप्सीतून वाघ दाखवायला नेणारा. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि पावसाळ्यात जंगल बंद झालं की तीन महिने मोटारसायकलवर उंडारणारा. दुसरा इथेच बालाघाटात, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात कंप्युटर ऑपरेटर.

"पोरीले जिप्सीवाला पाह्यजे," बाई म्हणाली. "मी म्हनलं, वाघ पाहून पोट भरते का? तुमी समजवा ताई तिले. माहं नाही आयकत, तुमचं आयकते. तुमी ऑपरेटरवाल्याले हौ म्हनसान तं याच म्हयन्यात साक्षगंध करून टाकतो."

ती मुलगी माझं ऐकते हे खरं होतं. लहानपणी माझ्याच ओट्यावर बसून पाढे शिकली. माझ्या एका शब्दावर तिचं लग्न इकडचं तिकडे होणार होतं आणि तो शब्द मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधायचा होता. "पाठवा उद्या," मी म्हटलं.

नवरा अंगणात फाटकाच्या बिजागरीला तेल देत होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो तेल देतो. बावीस वर्षांत आमचं फाटक कधी करकरलं नाही. बाई गेल्यावर तो हात पुसत म्हणाला, "ऑपरेटरवाला चांगला आहे. मी रोज पाहतो न त्याले. टाइमचा पक्का आहे."

टाइमचा पक्का. हे शब्द कानावर पडले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण याच दोन शब्दांसाठी मी लग्न केलं. मला कोणी बळजबरी केली नव्हती, कोणी फसवलं नव्हतं. समोर दोन माणसं होती आणि त्यांतून हा मी निवडला, चांगला पारखून. चीड येते ती याचीच.

माझे बाबा राइस मिलमध्ये मुकादम होते आणि सुट्टीच्या दिवशी समाजातली लग्नं लावायचे. बौद्धाचार्य म्हणून त्यांना लांजीपासून थेट गोंदियाकडच्या गावांपर्यंत बोलावणं यायचं. बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून मेणबत्त्या-अगरबत्त्यांची पिशवी घेऊन मी त्यांच्या मागे जायची. त्रिशरण झालं, पंचशील झालं की नवरदेव बाबांच्या मागोमाग पाच वचनं म्हणायचा: बायकोला मानाने वागवीन, तिचा अपमान करणार नाही, दुसऱ्या बाईकडे जाणार नाही, कमाई तिच्या हाती सोपवीन, तिला दागदागिने करीन. मग नवरी तिची पाच म्हणायची. खरं तर कोणाचंच तिकडे लक्ष नसायचं. नवरदेव निम्मे शब्द गिळायचा, मांडवातल्या बायका पंगतीकडे बघायच्या, आणि मागून कोणीतरी ओरडायचं, आवरा, भात थंडा होऊन राह्यला.

मी मात्र ती वचनं मनावर घेतली. माझ्या मैत्रिणी मुलाचे केस बघायच्या, शर्ट बघायच्या. मी मनातल्या मनात पाच बोटं मोजायची. हा पहिलं पाळेल का, हा चौथं पाळेल का. लग्न लावणाऱ्याच्या पोरीलाच असला मूर्खपणा सुचू शकतो. हलवायाच्या घरातलं पोर गोड खात नाही म्हणतात. मी मेली खात बसले.

त्या मांडवांमध्ये कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरणारा एक मुलगा होता, लांजीचा. तेव्हा व्हिडिओ शूटिंगचा जोर होता आणि कॅसेट मिळायच्या. हा मुलगा मोठ्यांशी मराठीत बोलायचा, मुलींशी हिंदीत. रुसून बसलेल्या मामाला हसवायचा, साठीच्या मावशीला नाचायला लावायचा. कामात मात्र सगळा आनंद. एका लग्नाच्या कॅसेटमध्ये मधेच भलत्याच लग्नाची पंगत निघाली आणि नवरीकडचे लोक अर्धा तास त्यात आपला फुफा शोधत बसले. त्याची तक्रार बाबांकडे आली, तेव्हा बाबा वैतागले आणि मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

"इतनी शादियों में खड़ी रहती हो, कभी हँसती क्यों नहीं?" त्याने एकदा मला विचारलं. तोवर मी हसते की नाही याची नोंद कोणी घेतली नव्हती. पुढे दीड-दोन वर्षं आम्ही भेटत राहिलो. मांडवाच्या मागे, भांड्यांच्या ढिगापाशी, एकदा वैनगंगेच्या पुलावर. मला शिक्षिका व्हायचंय हे मी सगळ्यांत आधी त्याला सांगितलं. तो एवढा खूश झाला, जशी काही माझ्या नेमणुकीची ऑर्डर निघालीच. म्हणाला, भरतीचं पुस्तक मी गोंदियाहून आणून देतो. आणून दिलं, पण परीक्षा होऊन गेल्यावर आठ दिवसांनी. मी ओरडले तर म्हणाला, "पुढच्या साली कामा येईन न!"

असा तो. जवळ असला की उन्हातसुद्धा बरं वाटायचं, आणि दूर गेला की तो परत येईल की नाही हे त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटी एका जानेवारीत तो म्हणाला, "रविवारी अकराले लांजीले ये. मायले भेटवतो." मी घरी मैत्रिणीचं नाव सांगितलं, बाबांच्या नजरेला नजर दिली नाही, सकाळची बस धरली. साडेदहाला लांजीच्या बस स्टँडवर उतरले. तिथे सिमेंटच्या बाकावर बसले. अकरा वाजले. बारा वाजले. बाबांना ओळखणारे लोक त्या गावात शेकड्याने होते, म्हणून पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. एका कंडक्टरने दोनदा येऊन "कहाँ जाना है, बहनजी?" विचारलं. चणे विकणाऱ्या म्हातारीने तर विचारलंही नाही, नुसती बघत राहिली, आणि तिचं ते बघणं मला जास्त लागलं. एक वाजला. दोन वाजले. माझ्या मनातली पाच बोटं एकेक करून मिटत गेली.

अडीच वाजता तो आला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ आणि चेहरा दिवाळीसारखा. "अवो, रस्त्यात पट लागला होता," तो गाडीवरूनच ओरडला. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडे माणसं त्यापायी पोटचं लेकरू विसरतात. "काय जोडी धावली! डोये फाटले माहे! चाल, बस मांगं, फायनल बाकी आहे."

"आन माय?" मी विचारलं.

"माय कोठी पऊन चालली? मायले सांजच्याले भेटू."

"चार घंटे झाले मले इथं बसून."

त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मंग काय झालं?" तो म्हणाला. "आलो न!"

त्या क्षणी मला त्याच्या मागे बसून पट बघायला जायचं होतं. हे मी आज वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कबूल करते. मला जायचं होतं, धुळीत उभं राहून ओरडायचं होतं. पण मी उठले, बालाघाटची बस लागली होती तिच्यात चढले आणि खिडकी लावून घेतली. तो खाली उभा राहून हात हलवत होता, हसत होता. त्याला वाटलं मी लटकेच रागावले आहे.

दुसरा माणूस त्याआधीच घरी येऊन गेला होता. गुरुवारी चारला येतो असा निरोप होता. आमच्या घड्याळात चारचा ठोका पडत होता आणि फाटकाची कडी वाजली. बाबा तिथेच जिंकले गेले. मुलगा एका सरकारी ऑफिसात आवक-जावक बघायचा, म्हणजे आलेला प्रत्येक कागद रजिस्टरमध्ये चढवायचा आणि ज्याच्या टेबलावर जायचा तिथे पोचवायचा. "याच्या हातून कागद इकडचा तिकडं होत नाही," बाबांनी माहिती काढून आणली होती. पोहे खाऊन झाल्यावर मी त्याला धीर करून म्हटलं, मला शिक्षिकेची नोकरी करायची आहे. तो "हौ" म्हणाला. मी त्या "हौ"ला परवानगी समजले, आनंद समजले, काय काय समजले.

लांजीहून परतले त्याच आठवड्यात मी होकार दिला.

विहारात लग्न झालं. स्वतःच्या मुलीचं म्हणून बाबाच दोनदा शब्द चुकले, पण नवरदेवाने एकही शब्द गिळला नाही. पाचही वचनं खणखणीत म्हटली. आणि पाळली. हे मी कोणापुढेही सांगेन. त्याने मला कधी अगंतुगंच्या पलीकडचा शब्द वापरला नाही, चारचौघांत पाणउतारा केला नाही, दुसऱ्या बाईचं नाव काढलं नाही, पगार आणून माझ्या हातावर ठेवला, आणि वर्षाला एक दागिना केला. दागिना नेहमी त्याच दुकानातून, मला न विचारता. मला कानातलं आवडतं की गळ्यातलं हे त्याला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी सहा दहाला फाटक, सव्वासहाला चहा, सातला बातम्या. जेवताना "मीठ बरोबर आहे." लांजीच्या बाकावर बसून जे मागितलं होतं ते मला तोळ्यामाशाने मिळालं. बायकोशी बोलावं, तिला काय वाटतं ते विचारावं, असं त्या पाचांत कुठेच नाही, हे हजार लग्नं लागताना बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी संविदा, म्हणजे कंत्राटी, शिक्षकाच्या परीक्षेत पास झाले आणि माझी ऑर्डर आली. बालाघाटपासून दूर, बिरशाजवळच्या जंगलातल्या एका गावची प्राथमिक शाळा. मला आभाळ ठेंगणं झालं. आमची मुलगी आठ महिन्यांची होती. मी सगळं ठरवून टाकलं: बिरशाला खोली घ्यायची, माझी माय सोबत येईल, लेकराला बघेल, शनिवारी संध्याकाळच्या बसने मी घरी. रात्रंदिवस मी तेच बोलत होते. नवरा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हौ. पाहू."

पंधरा दिवसांच्या आत रुजू व्हायचं होतं. नवव्या दिवशी लेकराला न्युमोनिया झाला आणि आम्ही दवाखान्यात. तिथे शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या एका मास्तराने सांगितलं की डॉक्टरच्या कागदासोबत अर्ज दिला तर मुदत वाढवून मिळते, फक्त मुदत संपायच्या आत द्यायला हवा. अकराव्या दिवशी मांडीवर लेकरू आणि लेकराच्या पाठीवर वही ठेवून मी अर्ज लिहिला. डॉक्टरचा कागद जोडला. कोणाच्या हाती द्यावा हा प्रश्नच नव्हता. साऱ्या जिल्ह्यात कागद पोचवावा तर माझ्या नवऱ्याने. त्याने अर्ज वाचला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि म्हणाला, "उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "देल्ला?"

"हौ."

पंधरा दिवस झाले, महिना झाला. उत्तर आलं का विचारलं की "नाही आलं अजून" म्हणायचा. मग बातमी लागली की यादीतली माझ्या पुढची मुलगी त्या शाळेत रुजू झालीसुद्धा. मी लेकराला कडेवर घेतलं आणि शिक्षण विभागाच्या ऑफिसात स्वतः गेले. तिथल्या बाबूने माझ्यासमोर आवकचं रजिस्टर उघडलं. ओळीवर बोट ठेवून ठेवून त्या आठवड्याची सगळी पानं बघितली. माझ्या नावाची नोंद नव्हती. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने आणून दिला होता. नवऱ्याचं नाव ऐकून तो बाबू हसला. "मॅडम, फिर तो दिया ही नहीं होगा. उनके हाथ से दिया कागज़ गुमता नहीं. उनसे तो हम लोग काम सीखे हैं."

तो थट्टेत बोलला. त्याला वाटलं मीच काहीतरी चुकीचं सांगते आहे. परत येताना रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून उभी राहिले, आणि गाडी जाऊन फाटक उघडलं तरी उभीच होते. मागचा ऑटोवाला भोंगा वाजवत होता.

तो विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण तो विसरत नाही. तीच तर त्याची कीर्ती. गॅसचा नंबर, विजेचं बिल, माझ्या मामेभावाच्या मेहुणीचं साक्षगंध, फाटकाचं तेल, यातलं काही ज्याच्या ध्यानातून जात नाही, त्याच्या फोल्डरमधला माझा अर्ज चार दिवस चुकून राहत नाही. त्याने तो दिला नाही, आणि माझ्याकडे बघून "हौ" म्हणाला.

मी बाबांकडे गेले. सगळं सांगितलं. बाबांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "त्याच्याकून असं होनार नाही," ते म्हणाले. "ऑफिसवाल्यायनंच हरवला असन. आपल्या मानसावर शक घेऊ नोको." मायने तेच सांगितलं, शेजारणींनी तेच. समोरच्या घरची हीच बाई तेव्हा म्हणाली होती, "ताई, भाऊ न असं करन? सूर्य इकडचा तिकडं होईन." मी वेडी ठरले. लेकराच्या आजारपणाने डोक्यावर परिणाम झाला, अशी कुजबुजही झाली.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आपल्यात म्हणतात. पण म्हशीला टोणगा झाला तर निदान गावाला दिसतो. माझा कोणालाच दिसेना. लांजीवाल्याशी लग्न केलं असतं, तर त्याने तो अर्ज कुठल्यातरी पटाच्या मैदानात हरवला असता, मी त्याच्या नावाने गल्लीभर शंख केला असता आणि सगळ्या बायका माझ्या बाजूने पदर खोचून उभ्या राहिल्या असत्या. बेभरवशाच्या माणसाच्या बायकोवर लोक विश्वास ठेवतात. माझ्यासारखीवर नाही, कारण तो विश्वास सगळा तिच्या नवऱ्याच्या वाट्याला गेलेला असतो.

म्हणून तो लांजीवाला बरा होता असं मी म्हणत नाही. काही वर्षांनी मी त्याला बालाघाटच्या बस स्टँडवर पाहिलं. पोट सुटलेलं, फोनवर मोठमोठ्याने बोलत, हसत येत होता. एक बाई तीन पिशव्या आणि दोन पोरं सांभाळत त्याची वाट बघत होती. तो जवळ आला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बाकावर बसून कमावलं होतं, त्यामुळे लगेच ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. बरंच झालं.

मग पुन्हा भरती निघाली नाही असं नाही. निघाली, दोनदा. तोवर सासू अंथरुणाला खिळली, मग मुलीची शाळा, मग वय गेलं. गल्लीतल्या पोरांना ओट्यावर बसवून पाढे शिकवले, तेवढीच माझी मास्तरकी. मुलगी आता जबलपूरला शिकते, आमच्याशी हिंदीतच बोलते आणि "पापा जैसे तो कोई नहीं" म्हणते. मी तिलाही कधी सांगितलं नाही. आणि नवऱ्याला कधी विचारलं नाही. वीस वर्षं.

त्या रविवारी विचारलं. समोरची बाई येऊन गेलेली, ते "टाइमचा पक्का" डोक्यात घोंगावत होतं. सव्वासहाला चहा दिला आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "बिरशाचा अर्ज तुमी देल्ला होता का?"

कुठला अर्ज, असं त्याने विचारलं नाही. कप बशीत ठेवला. "नाही," तो म्हणाला.

"काहून?"

"लेकरू आठ महिन्याचं होतं. तू गेली असती तं घर कोठी रायलं असतं? मी एकटा काय केलं असतं? मले दुसरं काही सुचलं नाही."

"मंग हौ काहून म्हनले?"

"म्हनलो," एवढंच तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "तुले माहीत होतं न?"

"हौ. रजिस्टर पाह्यलं तवापासून."

"मंग तवाच काहून नाही इचारलं?"

तो टोमणा नव्हता. त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर माहीत होतं, पण ते त्याला द्यायचं नव्हतं. मी तेव्हाच विचारलं असतं आणि तो तेव्हाही असाच "नाही" म्हणाला असता, तर ज्या एका गोष्टीसाठी मी त्याला निवडलं होतं, तीच खोटी ठरली असती. प्रेमासाठी मी त्याला निवडलं नव्हतं, बोलण्यासाठी नाही, हसण्यासाठी तर नाहीच. भरवसा काढून घेतला तर त्या घरात माझ्यासाठी उरलं काय असतं? मी नोकरी गमावली होती. निवड चुकली हे कबूल करणं मला त्याहून महाग वाटलं. अर्ज त्याने चार दिवस दाबला, आणि तो प्रश्न मी वीस वर्षं दाबून ठेवला.

"बाकी मी कशात चुकलो का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. तो उठला, कप धुवून पालथा घातला. सात वाजत आले होते.

सोमवारी दुपारी समोरची मुलगी आली. केस धुतलेले, हातात फोन, ओट्यावर लहानपणी बसायची तिथेच बसली. मी रात्रभर ठरवलं होतं की जिप्सीवाल्याचं नाव घ्यायचं नाही आणि ऑपरेटरचंही नाही. दोघांतला कोण, हा प्रश्नच मला चुकीचा वाटू लागला होता. कोण वेळेवर येतो हे मी बाकावर बसून बघत राहिले. मी कुठे निघाले की कोण काय करेल, हे बघायचं राहून गेलं. एवढं सगळं तेवीस वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? म्हणून मी कामापुरतं बोलले.

"ज्याच्याशी कराचं त्याच्याशी कर," मी म्हटलं. "पन आपला कागद आपल्या हातानं नेऊन देत जाय. नवऱ्याच्या हाती देऊ नोको. बापाच्याबी नाही."

ती खळखळून हसली. "काकू, आता कागद कोन देते? सब ऑनलाइन आहे." मग जवळ सरकली. "आन तुमाले सांगू? माहं ठरलं. माय बरोबरच म्हनते. जिप्सीवाल्याचा हप्ता हप्ता फोन लागत नाही, तिकडं जंगलात टावरच नाही. थकली मी. हा कसा, एकदम पक्का आहे. माह्या परीक्षेचे सारे फॉर्म तोच भरते. आयडी, पासवर्ड, सारं त्याच्याजवळच आहे. मले टेन्शनच नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मला आनंद झाला.

"निकाल कवा आहे तुहा?" मी विचारलं.

"त्याले माहीत आहे, काकू," ती म्हणाली.